दीड इंची पीव्हीसी पाइपचा रेसिंग रिग: मापांसह पूर्ण कृती

रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग आणि पेडलचा संच आणला की पहिली अडचण टेबलाची नसते, ब्रेकची असते. जोरात ब्रेक दाबताना पायाचा जोर ३०–४० किलोपर्यंत सहज जातो. तेवढ्याच जोराने पाठ खुर्चीला मागे ढकलते. खुर्ची आणि पेडल एकमेकांना बांधलेली नसतील तर एक मागे सरकते, दुसरं पुढे. त्यामुळे रिग म्हणजे मुळात सीट आणि पेडल यांना जोडणारा सांगाडा. स्टिअरिंगचा स्टँड त्यावर नंतर येतो.

पीव्हीसी पाइप हे काम करू शकतो का? करू शकतो, पण त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं हे ठरवावं लागतं. पीव्हीसीचा ताठपणा लोखंडाच्या साधारण साठ-सत्तराव्या भागाइतकाच असतो. दीड इंची पाइपचा ५० सेंमीचा आडवा तुकडा दोन टोकांवर टेकवून मध्ये ४० किलोचा जोर दिला, तर ढोबळ हिशेबाने तो अडीच-तीन मिलिमीटर वाकतो. पेडलखाली एवढी हालचाल पायाला लगेच जाणवते. तोच पाइप लांबीच्या दिशेने ओढला, तर एक मीटरचा तुकडा ४० किलोला पाव मिलिमीटरच्या आसपासच ताणला जातो. म्हणजे पाइप ओढला जाईल अशी रचना करायची, वाकवला जाईल अशी टाळायची. आणि जिथे वाकणं टळतच नाही तिथे अंतर कमी ठेवायचं, कारण अंतर निम्मं केलं की वाक आठव्या भागावर येतो. खालची सगळी मापं याच हिशेबाने काढली आहेत.

कोणता पाइप घ्यायचा

घरातल्या थंड पाण्याच्या लाइनसाठी मिळणारा, दीड इंची, शेड्यूल ४० चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी आणि भिंतीची जाडी साधारण ३.७ मिमी असते. एक इंची पाइप स्वस्त पडतो, पण दीड इंची त्याच्यापेक्षा साडेतीन पट ताठ आहे. शेड्यूल ८० च्या जाड पाइपसाठी जास्त पैसे मोजून फक्त चतुर्थांश ताठपणा वाढतो. पैसे घालायचेच तर व्यासावर घाला, जाडीवर नाही.

शेतीचा राखाडी पाइप गावाकडे घरात पडलेला असतो, म्हणून तो वापरायचा मोह होतो. कमी दाबाच्या वर्गातल्या त्या पाइपची भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि बोल्ट आवळला की तो चेपतो. त्याचे व्यासही वेगळ्या मानकाचे असल्याने प्लंबिंगचे फिटिंग त्यावर बसत नाहीत. वायरिंगची कंड्युट तर या कामाचीच नाही. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप दिसायला बरा असतो, पण त्याचे व्यास, फिटिंग आणि चिकटवायचं सोल्युशन सगळंच वेगळं.

एका पाइपात दुसरा सरकवून उंची कमी-जास्त करायची कल्पना अनेकांना सुचते. सव्वा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी आणि दीड इंचीचा आतला व्यास ४०.९ मिमी, त्यामुळे तो आत जातच नाही. एक इंची जातो, पण चारी बाजूंनी खुळखुळतो. उंचीची सोय वेगळ्या पद्धतीने करू.

सामान

- दीड इंची पाइप, ३ मीटरच्या ३ लांब्या (लागतात साधारण साडेसहा मीटर)
- ९० अंशांचे एल्बो ८, टी ६. शिवाय प्रत्येकी एक जास्तीचा
- १८ मिमी प्लायचा २ फूट × ४ फूट तुकडा
- दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे यू-बोल्ट १२, वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटांसह. जीआय पाइपचा बाहेरचा व्यासही ४८.३ मिमीच असतो, म्हणून ते अचूक बसतात
- २५ × २५ × ३ मिमी लोखंडी अँगल किंवा रॅकचा स्लॉटेड अँगल, ६५० मिमीचे २ तुकडे
- फळीखाली लावतात ते ८ इंची एल ब्रॅकेट ४
- यूपीव्हीसीचं सोल्युशन, छोटा डबा
- एम६ म्हणजे ६ मिमी जाडीचे बोल्ट (७५ मिमी लांब), नट, वॉशर, स्टिअरिंग-पेडलसाठी वेगळे
- लाकडी दांडा साधारण अर्धा मीटर, रबराची पट्टी किंवा सायकलची जुनी ट्यूब

हत्यारं: बारीक दातांचं हॅक्सॉ, कानस, पॉलिश पेपर, गुण्या, टेप, मार्कर, ड्रिल आणि पान्हे. पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचे घ्या आणि दुकानातच एक टी पाइपवर चढवून बघा.

फर्निचरसाठी परदेशात मिळणारे तीन तोंडांचे कोपरे आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा नसतात. व्हिडिओ बघून आराखडा काढणारे बहुतेक जण इथेच अडतात. खालची रचना फक्त एल्बो आणि टी यांच्यावर उभी आहे.

आराखडा

जमिनीवर एक शिडी: १४०० मिमी लांब, ५०० मिमी रुंद. तिच्या पुढच्या टोकाला एक आडवा दांडा, पुढून ३०० मिमीवर दुसरा (टाचेखालचा) आणि मागच्या टोकाला तिसरा. पुढून ४५० आणि ६५० मिमीवर दोन उलट्या ‘यू’ आकाराच्या चौकटी उभ्या राहतात. स्टिअरिंगची फळी त्यांच्या डोक्यावर. सीट मागच्या मोकळ्या भागावर. ही सगळी मापं फिटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत.

पाइप मात्र मध्यापर्यंत जात नाही. टीच्या मध्यापासून आतल्या थांब्यापर्यंतचं अंतर मोजा. दीड इंचीत ते बहुधा २७ मिमीच्या आसपास भरतं, पण स्वतःच्या हातातला तुकडा मोजूनच पुढे जा. दोन्ही टोकांचं मिळून ५४ मिमी वजा केलं की कापायची लांबी मिळते. २७ मिमी धरून यादी अशी:

- बाजूच्या दांड्यांसाठी, पुढून मागे: २४६, ९६, १४६ आणि ६९६ मिमी, प्रत्येकी २
- तळाचे आडवे दांडे: ४४६ मिमीचे ३
- चौकटींचे माथे: ४४६ मिमीचे २
- चौकटींचे पाय: ४६६ मिमीचे ४

पहिल्या लांबीतून ६९६ चे दोन आणि ४४६ चे तीन निघतात, दुसरीतून चारही पाय आणि दोन्ही माथे, तिसरीतून उरलेले छोटे तुकडे. जवळजवळ दोन मीटर पाइप शिल्लक राहतो. चुकीच्या कापासाठी आणि पुढे गिअर शिफ्टरचा स्टँड करायचा झाल्यास तो लागेल.

पायांची उंची सरासरी बांध्यासाठी आहे. हे चार तुकडे आधी ५० मिमी लांब कापा आणि शेवटी बसून बघितल्यावर कमी करा. उंच व्यक्तीच्या मांड्या फळीखाली अडकतात, म्हणून घाईने कापू नका.

कापणं आणि कोरडी जुळणी

पाइपभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिच्या कडेने मार्करने रेघ मारा आणि पाइप थोडा थोडा फिरवत कापा. एकाच बाजूने आरपार कापलं की टोक तिरकं येतं, ते थांब्याला एका अंगाने टेकतं आणि जोड कायमचा वाकडा बसतो. कापल्यावर आतले-बाहेरचे बुरे काढा आणि बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करा. कड धारदार राहिली तर आत जाताना ती सोल्युशन खरवडून पुढे ढकलते.

आता सगळं न चिकटवता जुळवा. सांगाडा मापापेक्षा मोठा दिसेल आणि नवशिका इथे हमखास घाबरतो. फिटिंगचं तोंड आत निमुळतं होत जातं, म्हणून कोरडा पाइप एक तृतीयांश ते दोन तृतीयांशच आत शिरतो. सोल्युशनने पृष्ठभाग मऊ झाला की तो थांब्यापर्यंत जातो. बाजूच्या एका दांड्यात असे आठ जोड आहेत, त्यामुळे कोरड्या जुळणीत तो सात-आठ सेंटिमीटरनेही लांब भरू शकतो. हे बघून पाइप कापू नका. त्याऐवजी प्रत्येक टोकावर फिटिंगच्या तोंडाची खोली मोजून तेवढ्या अंतरावर गोल खूण करा. चिकटवताना ती खूण तोंडापाशी पोचली पाहिजे.

चिकटवण्याआधी दांड्याचे तुकडे

पोकळ पाइपमधून बोल्ट घालून आवळला की पाइप लंबगोल होतो, चार दिवसांनी बोल्ट सैल पडतो आणि भोकापासून तडा जातो. म्हणून जिथे आरपार बोल्ट येणार तिथे आत लाकूड हवं. फावड्याचा दांडा साधारण याच जाडीचा असतो. त्याचे ८०–१०० मिमीचे तुकडे घासून घट्ट बसतील असे करा. एकेक तुकडा दोन्ही २४६ मिमी पाइपांत पुढच्या टोकाजवळ आणि पुढच्या चौकटीच्या दोन्ही पायांत वरच्या टोकाजवळ ठोका. फिटिंगमध्ये जाणारा भागही लाकडाने भरला तरी चालतो. सांगाडा चिकटल्यावर आत काहीच घालता येत नाही.

चिकटवणं

खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची शेगडी किंवा देवाजवळचा दिवा पेटलेला नसेल असं बघा. सोल्युशनची वाफ पेट घेते आणि बंद खोलीत डोकं दुखवते.

आधी बाजूचा एक पूर्ण दांडा: एल्बो, २४६, टी, ९६, टी, १४६, टी, ६९६, एल्बो. दोन्ही एल्बो आणि पहिली टी यांची तोंडं आतल्या बाजूला, मधल्या दोन टींची वर. दिशा नजरेवर ठरवू नका. आडव्या तोंडांत पाइपचे मोकळे तुकडे अडकवून दांडा सपाट फरशीवर ठेवा, उभ्या तोंडांत पाय अडकवून गुण्या लावा आणि प्रत्येक जोडावर पाइपपासून फिटिंगपर्यंत एक सरळ रेघ ओढा. चिकटवताना या रेघा जुळवायच्या. दुसरा दांडा पहिल्याचा आरशातला जोडीदार असतो. दोन्ही एकसारखे केले तर एकाची तोंडं बाहेर जातील.

पाइप आणि फिटिंग दोघांनाही सोल्युशन लावा, पाइप पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. निमुळत्या तोंडामुळे सोडलेला पाइप हळूच बाहेर सरकतो. बरेच जोड इथेच कच्चे राहतात.

मग तिन्ही आडवे दांडे एका बाजूला चिकटवा. दुसरी बाजू मात्र तिन्ही तोंडांत एकदमच बसवावी लागते आणि सोल्युशन मिनिटभरात धरू लागतं. या कामाला दोन माणसं हवीतच. बसवल्यावर शिडी लगेच फरशीवर सपाट ठेवून चारही कोपरे टेकतात का ते बघा. डुगडुगत असेल तर त्या पहिल्या मिनिटातच दाबून सरळ करता येते.

चौकटी फरशीवर आडव्या ठेवून वेगळ्या चिकटवा: एक माथा, दोन एल्बो, दोन पाय. पायांची खालची टोकं टीमध्ये चिकटवू नका. ती पॉलिश पेपरने घासून हाताच्या जोराने पूर्ण आत जातील इतपतच बारीक करा आणि नंतर प्रत्येक जोडाला दोन सेल्फ टॅपिंग स्क्रू मारा. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर फिटिंग चिरते. उंची बदलायची असेल किंवा भाड्याचं घर सोडायचं असेल तेव्हा स्क्रू काढून चौकटी उचलता येतात.

त्यानंतर पूर्ण एक दिवस सांगाड्याला हात लावू नका.

फळ्या, तिरके आधार आणि तळ

प्लायमधून ५५० मिमी रुंदीच्या तीन फळ्या कापून घ्या: सीटसाठी ५५० मिमी, पेडलसाठी ३५० मिमी आणि स्टिअरिंगसाठी ३०० मिमी खोलीची. बाजूला साधारण ६० मिमीची लांब पट्टी उरते. ती टाकू नका. फिटिंग पाइपपेक्षा जाड असतात, म्हणून शिडीचा पाइप जमिनीपासून चार-पाच मिलिमीटर अधांतरी राहतो आणि यू-बोल्टला खालून जायला तेवढी जागा पुरत नाही. पट्टीचे तुकडे करून ते सगळ्या फिटिंगखाली लावा म्हणजे तळ उचलला जाईल. सीटच्या जागी पाइपखाली एकेक जाड तुकडा वेगळा घाला, त्यात पाइपपर्यंत पोचेल इतकी रबराची भर द्या. माणसाचं वजन मग सरळ जमिनीवर उतरतं आणि पाइप वाकत नाही. खालच्या मजल्यावर आवाज जात असेल तर या तुकड्यांखालीही रबर लावा.

पेडलची फळी पुढच्या एल्बोवर आणि टाचेजवळच्या टीवर टेकते. तिचे चार यू-बोल्ट आडव्या दांड्यांच्या मध्यावर लावू नका. ते बाजूच्या दांड्यांवर, फिटिंगच्या शेजारी लावा. या एका जागेवर सगळा रिग टिकतो. बोल्ट मध्यावर असले की ब्रेकचा जोर आडव्या दांड्याला वाकवतो. बाजूला असले की तो बाजूच्या दांड्याला ओढत सीटपर्यंत जातो. सीटच्या फळीचे चार यू-बोल्टही त्याच दांड्यांवर. पाइप आणि बोल्ट यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा घाला आणि पाइप चेपू लागण्याआधी थांबा.

आता अँगल. पुढच्या चौकटीच्या पायाच्या वरच्या भागापासून पुढच्या एल्बोमागे साधारण ८० मिमीपर्यंत, दोन्ही बाजूंना, बाहेरच्या अंगाने, एकेक तिरका अँगल एम६ बोल्टने लावा. लाकूड याच दोन जागी घातलेलं आहे. हा त्रिकोण नसेल तर स्टिअरिंगला धरून उठताना सगळी चौकट मागे झुकते. डावी-उजवी हालचाल थांबवायला चौकटींच्या वरच्या कोपऱ्यांत एल ब्रॅकेट लावा. स्टिअरिंगची फळी दोन्ही माथ्यांना चार यू-बोल्टने आवळली की त्या दोन चौकटी एकजीव होतात.

स्टिअरिंग, पेडल, सीट

लॉजिटेकच्या जी२९ सारख्या गिअरवर चालणाऱ्या स्टिअरिंगचा पीळ दोन न्यूटन-मीटरच्या थोडा वर असतो. हा सांगाडा तो आरामात झेलतो. बेल्टवर चालणाऱ्या तीन-चार न्यूटन-मीटरच्या स्टिअरिंगपर्यंतही हरकत नाही. पाच किंवा त्याहून जास्त न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट स्टिअरिंगला जोडलेलं) घ्यायचं असेल तर लोखंड किंवा ॲल्युमिनियम प्रोफाइलकडेच जा. लोड सेलच्या पेडलबद्दलही हेच. ती दाबाची ताकद मोजतात, म्हणजे फळी जराही हलली की ब्रेकचा अंदाज चुकतो.

जी२९ सोबत पकडीचे क्लॅम्प येतात, पण तळाला एम६ आट्यांची दोन भोकंही आहेत. तीच वापरा. कागद तळावर दाबून भोकांची नक्कल काढा आणि ती प्लायवर उतरवा. भोकाची खोली काडी घालून मोजा. बोल्टची लांबी म्हणजे प्लायची जाडी, वॉशर आणि त्या खोलीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. जास्त लांब बोल्ट आतल्या भागांना लागतो. पेडलसाठीही अशीच नक्कल काढा. टाच खाली राहून पायाचा तळवा पेडलवर सपाट पडत नसेल तर पेडलच्या पुढच्या कडेखाली लाकडी पाचर घाला.

सीट जुन्या छोट्या गाडीची उत्तम. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात आणि बहुतेक शहरांत गॅरेजांच्या आसपास मिळते. रुळांसकट घ्या, म्हणजे पुढे-मागे करण्याची सोय आयती होते. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण किंवा खाली पिवळा कनेक्टर दिसला तर ती घेऊ नका. त्यातली स्फोटक कळ घरी हाताळण्याची वस्तू नाही. गाडीची सीट नको असेल तर चाकं काढलेली ऑफिसची खुर्ची फळीवर पक्की करा, पण तिची पाठ झुलणारी नसावी. झुलणारी पाठ ब्रेकचा अर्धा जोर गिळते.

बसण्याची जागा अशी ठरवा: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. दोन्ही जमलं की पायांची जास्तीची उंची कापा आणि स्क्रू मारा.

मॉनिटर या सांगाड्यावर लावू नका, तो प्रत्येक धक्क्याला थरथरेल. मागे टेबलावर किंवा भिंतीवर लावा आणि डोळ्यापासूनचं अंतर मोजून गेममधला दृश्यकोन (फील्ड ऑफ व्ह्यू) जुळवा. २४ इंची मॉनिटर ७० सेंमीवर असेल तर आडवा कोन साधारण ४१ अंश आणि उभा २४ अंश येतो. असेटो कोर्सा या गेममध्ये उभा कोन भरायचा असतो. चित्र सुरुवातीला फार जवळ आल्यासारखं वाटेल, पण वळणाचं अंतर खरं दिसू लागतं.

बिघाड आणि कारणं

ब्रेक दाबताना कटकट आवाज येतो: कुठला तरी जोड खुणेपर्यंत गेलेला नाही किंवा यू-बोल्ट सैल आहे. एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने एकेका फिटिंगवर बोट ठेवायचं, हलणारा जोड बोटाला कळतो. चिकटवलेला जोड सुटला असेल तर वरून सोल्युशन ओतून उपयोग होत नाही. त्याला दोन स्क्रू मारा, किंवा फिटिंग कापून नवी घाला.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप डावी-उजवीकडे झुलतं: बहुतेक वेळा वरचे कोपरे ढिले असतात. ब्रॅकेट तपासा. तरी राहिलं तर गेममध्ये फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगची मोटर हाताला देते तो जोर) थोडा उतरवा.

काही महिन्यांनी बोल्ट सैल लागतात: सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबतं, हा त्याचा स्वभावच आहे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि मग अधूनमधून नट तपासा. उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. २३ अंशांना पीव्हीसी पाइपची जी दाबक्षमता धरतात, ती ३८ अंशांना साधारण ६२ टक्के उरते. विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात रिग गच्चीवर, पत्र्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नका, आणि खेळत नसताना सीटवर गाद्या-बॅगांचा ढीग रचू नका.